सुपडूआबांचा डावा दंड

आयुष्यात पहिल्यांदा ज्या माणसाच्या हृदयाचे ठोके मी ऐकले, तो माणूस गेल्या महिन्यात जळगावला, मेहरूणमध्ये मुलीच्या घरी वारला. त्या मुलीचा, कल्पनाताईचा फोन आला तेव्हा मी चाळीसगावच्या दवाखान्यात होते. समोर एक बाई हात पुढे करून बसली होती आणि तिच्या दंडावरचा पट्टा फुगत होता. मी फोनवर दोनदा हो म्हटलं, फोन ठेवला आणि त्या बाईचा रक्तदाब पुन्हा पहिल्यापासून मोजला. मग तिसऱ्यांदा मोजला. तिनं घाबरून विचारलं, काही वाईट आहे का. वाईट काहीच नव्हतं. मोजलेल्या आकड्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही, एवढंच. ही सवय मला ज्यांच्यामुळे लागली त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

त्यांचं नाव सुपडू. धुळ्याच्या ज्या वैद्यकीय कॉलेजात मी शिकले, तिथल्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण यात जो दोष आहे तो इमारतीचा नाही. सगळे त्यांना आबा म्हणत, प्राध्यापक मॅडमसुद्धा. त्यांच्याआधी झालेली दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून हे जन्मल्याबरोबर आजीनं त्यांना सुपात ठेवलं आणि त्या सुपावरून नाव पडलं. खानदेशात अशी नावं पुष्कळ आहेत. पण आबांनी त्यातून स्वतःपुरतं एक तत्त्वज्ञान काढलं होतं. ते म्हणत, "देवनी माले एकदाव पाखडी लिधं. आते कसानी भीती?" देवानं एकदा पाखडून घेतलेला माणूस पुन्हा कशाला उडेल, असा त्यांचा हिशेब.

माझं घर जळगावच्या बाजारपेठेतलं. घरात मारवाडी, दुकानात मराठी. अहिराणी मी ऐकली होती ती गिऱ्हाइकांच्या तोंडून, आणि समजली ती आबांमुळे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव यादीत वाचलं आणि त्या क्षणापासून मी त्यांची शेठानी झाले. बारीक चणीची, कुणाशी न बोलणारी, कायम पुस्तकात डोकं घातलेली शेठानी. हा विनोद त्यांना वर्षभर पुरला.

शरीरक्रियाशास्त्र हा मोठा विचित्र विषय आहे. पहिल्या वर्षी तो शिकतात, आणि त्यात कुणीच आजारी नसतं. हृदय किती वेळा धडधडतं, मूत्रपिंड दिवसाला किती पाणी गाळतं, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय का उडतो; सगळं निरोगी माणसाचं. आजार दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. त्यामुळे पहिल्या वर्षीच्या मुलांना डॉक्टर व्हायची घाई असते, पण रोगी भेटत नाही. प्रयोगासाठी एकमेकांचीच शरीरं घ्यायची असतात. बोट टोचायचं एकमेकांचं, नाडी मोजायची एकमेकांची. आमच्या तुकडीत पंचवीस जण होते. बारा जोड्या झाल्या आणि यादीत शेवटची असल्यामुळे मी उरले. आबा कपाटाजवळ उभे होते. त्यांनी हातातलं फडकं खुंटीला अडकवलं, टेबलावर येऊन बसले आणि डावी बाही वर केली.

अशा उरलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वीसेक वर्षं बाही वर केली होती. त्यांची बायको, जिजी, त्यांच्या प्रत्येक सदऱ्याची डावी बाही उसवून दोन बोटं सैल शिवून देत असे, पट्टा नीट बसावा म्हणून. उजवी नेहमीसारखी आणि डावी झोळासारखी, असे त्यांचे सगळे सदरे. एक कापडदुकानदार ती बाही आपल्याच शिंप्याकडून चुकली असं समजून क्षमा मागू लागला तेव्हा आबांनी त्याला, हा हात सरकारी कामाचा आहे, असं सांगितल्याची गोष्ट ते स्वतःच सांगत.

स्टेथोस्कोप घेऊन मी त्यांच्या छातीपासून वीतभर लांबच थांबले. त्यांनी माझ्याकडे न बघता, छताकडे बघत म्हटलं, "घाबरू नको वं माय. मी काय पयी जास का?" मी पळून जाणार आहे का, एवढंच ते विचारत होते. मग त्यांनी माझी बोटं धरून स्टेथोस्कोप बोटभर डावीकडे सरकवला. आवाज आला. पुस्तकात चार पानं वाचलेला तो आवाज तिथं एका माणसाच्या आत चालू होता आणि तो माणूस दुपारच्या डब्यात काय असेल याचा विचार करत असावा. मी बराच वेळ ऐकत राहिले. मॅडम म्हणाल्या, पुरे आता, त्यांना उठू दे.

आबा शिकवत नसत. त्यांना तसा अधिकार नव्हता आणि ते अधिकार ओलांडणाऱ्यांतले नव्हते. पण त्यांचं शरीर शिकलेलं होतं. मुलगा गुडघ्यावर चुकीच्या जागी हातोडी मारू लागला की ते गुडघा किंचित सरकवत आणि योग्य जागा हातोडीखाली आणून देत. तरी पाय उडाला नाही, तर ते स्वतः उडवत. एका परीक्षेत हातोडी अजून हवेतच होती आणि आबांचा पाय उडाला. बाहेरगावाहून आलेले परीक्षक म्हणाले, यांची प्रतिक्रिया फारच तत्पर आहे. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. मुलगा पास झाला. नंतर मॅडम त्यांना रागावल्या तेव्हा आबांनी खाली मान घालून शुद्ध मराठीत सांगितलं की पोरगा साक्रीकडचा आहे, त्याच्या घरात पहिलाच डॉक्टर होतो आहे, आणि पाय आपलाच आहे.

रक्तदाबाचंही तसंच होतं. पट्टा फुगवायचा, हळूहळू हवा सोडायची, कोपराच्या घडीत आवाज ऐकायचा, आणि आवाज सुरू होताना व बंद होताना पारा कुठं आहे ते बघायचं. सांगायला दोन ओळी, पण पहिले तीन महिने कुणालाच काही ऐकू येत नाही. स्वतःच्याच कानातलं रक्त ऐकू येतं. अशा वेळी आबा ओठ न हलवता सांगत: एकशेवीस-ऐंशी. मुलं जर्नलात तसं लिहीत. थोडी हुशार मुलं एकशेअठरा-अठ्ठ्याहत्तर लिहीत, खोटं खरं दिसावं म्हणून. मीही त्यांतलीच. मॅडम सही करत. निरोगी माणसाचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी असतो असं पुस्तकात होतं, आणि आबा हे आमच्या कॉलेजचे निरोगी माणूस होते. त्याचा त्यांनाही अभिमान होता. डोकं दुखतं म्हणून जिजी कधी दवाखान्यात जा म्हणाली, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. आम्हालाही ते हसत हसत ऐकवत. "माले दरसाल शंभर डाक्टर तपासतस. आखो कोनाकडे जाऊ?"

आम्ही हसायचो. आम्ही स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायला तेव्हा फार उत्सुक होतो.

सकाळी आठला ते प्रयोगशाळा उघडत. माझी खोली जवळ होती आणि वाचायला तिथं शांत वाटे, म्हणून मी लवकर जाई. त्यांची एक पद्धत होती, ती मी रोज बघत असे. प्रयोगाच्या दिवशी ते रक्तदाबाची सगळी यंत्रं टेबलावर मांडत, स्टुलावर बसत आणि एकेक यंत्र स्वतःच्या डाव्या दंडावर लावून बघत. डोळे मिटून ऐकत. आकडा बरोबर आला की ते यंत्र मुलांसाठी टेबलावर. नाही आला की कपाटात. मला त्याचं कौतुक वाटे. इतकं काम कुणी सांगितलेलं नव्हतं. अख्ख्या प्रयोगशाळेत त्यांच्या दृष्टीनं एकच गोष्ट पक्की होती, ती त्यांचा डावा दंड. बाकी यंत्रं काय, आज आहेत उद्या बिघडतील.

यंत्रांवरून त्यांचं फक्त एकाच माणसाशी भांडण होतं, ते भांडारातल्या बाबूशी. मी शेजारी सही घ्यायला उभी असताना ते एकदा ऐकलं. बाबू म्हणत होता, "आबा, सहा महिन्यांत हे दुसरं मागताय. वापरता का शेतात पेरता?" आबा नेहमी सौम्य, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "तुम्हनं मशीन खोटं बोलस, त्याले मी काय करू?" परत येताना जिन्यात ते मधेच कठड्याला धरून थांबले. मी विचारलं, तर म्हणाले, त्या बाबूनं डोकं उठवलं.

मग आमची विद्यापीठाची परीक्षा आली. मला चिठ्ठीत रक्तदाब मोजणं आलं आणि जोडीला, वर्षभर होते तेच, आबा. मी खूश झाले. टेबलावर परीक्षेसाठी भांडारातून थेट आलेलं नवं यंत्र होतं. एव्हाना मला ऐकू येऊ लागलं होतं. मी पट्टा बांधला, नाडी लागेनाशी होईपर्यंत फुगवला, हवा सोडू लागले. पारा एकशे चौसष्टवर असताना आवाज सुरू झाला. स्पष्ट, कुणीतरी आतून दार ठोठावल्यासारखा. मला वाटलं माझं चुकलं. हवा पूर्ण सोडली, मिनिटभर थांबले आणि पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे चौसष्ट. खालचा आकडा शंभराच्या वर. परीक्षक शेजारच्या टेबलावरून माझ्याकडे वळत होते. माझ्या कपाळावर घाम आला असावा, कारण आबांनी छतावरची नजर न काढता हळूच म्हटलं, "एकशेवीस-ऐंशी, माय. लिखी टाक."

मी लिहिलं.

परीक्षकांनी कागद बघितला, मान हलवली आणि प्रश्न विचारले. रक्तदाब अचानक वाढला तर शरीर तो खाली कसा आणतं? मी सांगितलं की मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत त्यासाठी संवेदक असतात, ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाला सावकाश करतो. आणि दाब महिनोन्‌महिने वाढलेलाच राहिला तर? हा प्रश्न ते हुशार मुलांना विचारत. मी सांगितलं, मग ते संवेदक वाढलेल्या दाबालाच नेहमीचा दाब समजू लागतात आणि तक्रार करणं सोडून देतात. परीक्षक म्हणाले, छान. आबा पट्टा सोडवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर माझं कौतुक होतं. त्या विषयात मला तुकडीत सगळ्यात जास्त गुण मिळाले.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. वॉर्ड, पुस्तकं, मेसचं जेवण. शरीरक्रियाशास्त्र मागं पडलं. आबा जिन्यात भेटत, शेठानी म्हणून हाक मारत. थोडे जड झाल्यासारखे वाटत. वय झालं, असं मला वाटे. एकदाही माझ्या मनात आलं नाही की यांना बाजूला घेऊन विचारावं. आलं नाही, हेही पूर्ण खरं नाही. दुसऱ्या वर्षी उच्च रक्तदाबाचं प्रकरण वाचताना आलं होतं. पण तेव्हा मी स्वतःला समजावलं की त्या दिवशी मी घाबरले होते, ऐकण्यात चूक झाली असेल. वीस वर्षं शेकडो मुलांनी त्यांना मोजलं आहे. एवढ्या जणांचं चुकून माझ्या एकटीचं बरोबर कसं असेल?

चौथ्या वर्षाच्या पुढं, इंटर्नशिपमध्ये, एका सकाळी दहाच्या सुमारास अपघात विभागात स्ट्रेचर आलं. चेहरा वाकडा झाला होता म्हणून पटकन ओळख पटली नाही. सैल बाही ओळखीची होती. डावा हात, डावा पाय लुळा. दोनशे दहावर एकशेवीस. निवासी डॉक्टरांनी जिजीला विचारलं, यांना रक्तदाबाचा त्रास कधीपासून आहे, गोळ्या चालू आहेत का. जिजी त्यांच्याकडे असं बघत राहिली की जणू तिच्या घरावर कुणी आळ घेतला आहे. "त्यास्ले काईच नही. कॉलेजमा शंभर पोरे तपासतस त्यास्ले." डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, पूर्वी रक्तदाबाचा त्रास नाही. मी शेजारी सलाईन धरून उभी होते.

दुपारी जिजी म्हणाली, त्यांचा चष्मा आणि डबा वर प्रयोगशाळेत राहिला आहे, आणून दे. आबांच्या कपाटाची किल्ली तिच्याच जवळ होती. मी गेले. वरच्या कप्प्यात डबा, चष्मा, एक मफलर. खालच्या कप्प्यात रक्तदाबाची यंत्रं होती, सहा, एकावर एक नीट रचलेली. प्रत्येकाच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द: जास्त दाखवते.

मी पहिलं यंत्र काढलं आणि स्वतःला लावलं. एकशेदहा-सत्तर; माझा तेवढाच असतो. दुसरं लावलं, तिसरं लावलं. सगळी तेच सांगत होती. मग टेबलावरची, मुलांसाठी चांगली म्हणून ठेवलेली तीन बघितली. त्यांच्यातला पारा कमी झाला होता, हवा नसताना तो शून्याच्या रेघेखालीच बसला होता. ती कमी दाखवत होती. अलीकडे तीही बहुधा त्यांच्या दंडावर एकशेवीस-ऐंशीपर्यंत उतरत नसावीत. खरं बोलणारी सगळी यंत्रं त्यांनी एकेक करून कुलपात घातली होती, आणि त्यासाठी बाबूशी भांडले होते. मी यंत्रं होती तशी परत रचली आणि कुलूप लावलं. मग डबा आणि चष्मा घेऊन खाली गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना कपाट दाखवलं. त्यांनी एक चिकटपट्टी नखानं काढायचा प्रयत्न केला, ती निघाली नाही. "जर्नलांवर सह्या माझ्या आहेत," त्या म्हणाल्या. जरा वेळानं त्यांनी मला विचारलं, "तूच होतीस ना त्यांच्या जोडीला? तुला किती आला होता?"

मी म्हणाले, "एकशेवीस-ऐंशी."

आबा वाचले. नोकरी सुटली. धुळ्याची खोली जिना चढून होती, म्हणून कल्पनाताईनं दोघांना मेहरूणला आपल्या घरी नेलं. जिजी पुढच्या वर्षी गेली. मी चाळीसगावला लागल्यावर घरी जळगावला जाताना त्यांच्याकडे जाऊ लागले. मी तीनदा गेले. दर वेळी ठरवून जाई की आज सांगायचं, आणि दर वेळी त्यांच्या गोळ्या तपासून, कल्पनाताईला मिठाबद्दल बजावून, चहा पिऊन परत येई. ते फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसत, डावा हात मांडीवर ठेवून. जीभ जड झाली होती, पण बोलत सगळं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ही आमची शेठानी, आता डॉक्टर झाली. मला ते ऐकवत नसे.

चौथ्या वेळी, मागच्या हिवाळ्यात, कल्पनाताई चहा टाकायला आत गेली आणि मी सांगून टाकलं. परीक्षेचा दिवस, पहिल्यांदा मोजलं ते, दुसऱ्यांदा मोजलं ते. मॅडमशी खोटं बोलले ते. यंत्रं चांगली होती हेही सांगितलं. ते त्यांना तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. सगळं एका दमात, खाली बघत.

त्यांनी उजव्या हातानं मांडीवरचा डावा हात सरळ केला. मग विचारलं, "कितलं व्हतं?"

"एकशे चौसष्ट."

"दोनदाव?"

"दोनदा. दोन्ही वेळा तेच."

मी वर बघितलं. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा रडतील. त्या आजारात माणसं लवकर रडतात. त्यांच्या चेहऱ्याची फक्त उजवी बाजू हलायची, आणि ती हळूहळू उजळत होती. "म्हंजे तुले बराबर आयकू उनं व्हतं," ते म्हणाले. तुला बरोबर ऐकू आलं होतं. मग त्यांचा चेहरा पुन्हा मावळला आणि ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मीच तुले चुकाडं, माय."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कल्पनाताई चहा घेऊन आली. त्यांनी तिला थांबवलं आणि जड जिभेनं सांगू लागले की ही पोरगी पहिल्या वर्षाला होती, कान कोवळा होता, तरी हिला बरोबर ऐकू आलं होतं. कल्पनाताईला काही कळलं नाही. बशीत ओतलेला चहा त्यांच्या ओठांना लावत ती हो बाबा, हो बाबा म्हणत राहिली.

मी निघाले. रिक्षा वळवून घेत असताना मागं बघितलं. एक भाजीवाला हातगाडी घेऊन फाटकाशी थांबला होता आणि कल्पनाताईसाठी वांगी तोलत होता. आबा खुर्चीतून पुढं झुकून त्याला काहीतरी सांगत होते. मधेच त्यांनी रिक्षेकडे बोट केलं, आणि मग तेच बोट आपल्या कानावर नेऊन ठेवलं. भाजीवाल्यानं मान डोलावली, तराजूत आणखी एक वांगं टाकलं. रिक्षा वळली तरी त्यांचं बोट कानावरच होतं.